पडद्याकडे पाठ

आमच्याकडे विनोदी चित्रपट पाहायला बसताना केबलआप्पा पडद्याकडे पाठ करून बसत. खुर्ची उलटी फिरवायची, पाठ टीव्हीकडे आणि तोंड घरातल्या माणसांकडे. मग पुढचे दोन तास ते आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहत. कोण कुठे हसले, कोण हसता हसता मध्येच थांबले, कोण स्वतःहून हसले आणि कोण शेजारच्याचे पाहून, हे सगळे ते टिपून घेत. चित्रपट संपला की उठत, खुर्ची सरळ करत आणि निकाल देत. गंभीर चित्रपट मात्र ते चारचौघांसारखे पडद्याकडे तोंड करूनच पाहत. हा भेद का, असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "रडताना माणूस तोंड लपवतो, ते बघणं बरं न्हाई. हसताना कुणी लपवत न्हाई. म्हणून विनोदी असलं की माणसं बघायची, रडकं असलं की पडदा."

आमच्या खोडदमध्ये आणि भोवतालच्या वस्त्यांवर केबलची पहिली लाइन आप्पांनी टाकली. पुढे खांबांवरची काळी वायर उतरली, तिच्या जागी बारीक फायबर आली, चॅनेलांच्या जागी ॲप आले. आप्पांचे नाव तेवढे बदलले नाही. नवी जोडणी दिली की घरातल्या टीव्हीवर ॲप कसे उघडायचे, कुठले बटण दाबायचे, हे तेच शिकवत. आणि ओघानेच काय पाहायचे तेही. अंधार पडला की बिबट्याच्या धास्तीने आमच्याकडची अंगणे रिकामी होतात. माणसे घरात, घरात टीव्ही, आणि टीव्हीवर दर आठवड्याला घरबसल्या पाहता येणारे इतके नवे काही येऊन पडलेले, की निवडता निवडता जेवण गार व्हायचे. अशा वेळी लोक आप्पांना फोन लावत.

फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "घरात कोण कोण हाय?" चित्रपट चांगला की वाईट, हे त्यांच्या लेखी पुढचे. शिनोलीहून माझ्या मामाने एकदा विचारले, की तीन भाऊ आणि जमिनीचा खटला असलेला तो नवा चित्रपट कसा आहे. "चित्रपट झकास," आप्पा म्हणाले, "पण तुमच्या घरी दोघं भाऊ एकाच बांधावर. आज नका बघू. ती लग्नघर चुकलेल्या वऱ्हाडाची गोष्ट आलीया, ती लावा. दिवाळी झाल्यावर वेगळं वेगळं बसून खटला बघा." मामा रागावला, पण त्याने वऱ्हाडच लावले.

त्यांची मते थोडक्यात असत आणि आमच्या घरात ती अजून वापरली जातात. एका नावाजलेल्या कौटुंबिक मालिकेविषयी ते म्हणाले होते, "पाऊस लई आणि गोष्ट थोडी." नायिका रडते त्या प्रसंगाविषयी : "क्यामेरा जरा लांब जायला पायजे व्हता. ह्यो तर तिच्या नाकात शिरलाय." गावाकडचे म्हणून काढलेल्या एका विनोदी चित्रपटाने ते मनापासून चिडले. "शहरातली मंडळी गावावर सिनेमा काढतात तवा दर माणसाच्या हातात एक कोंबडी का देतात? आमी काय दिवसभर कोंबड्या घेऊन फिरतो का?" पडापडीच्या विनोदावर त्यांचे मत मला सर्वांत अचूक वाटते. "माणूस एकदा पडला की हसू येतं. दुसऱ्यांदा पडला की जरा कमी. तिसऱ्यांदा पडला की त्याच्या गुडघ्याची काळजी वाटाया लागती."

मी तेव्हा बी.एस्सी.ला होते आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करण्याची मला खोड होती. आप्पांच्या मतांचाही तक्ता करावा, पाचपैकी किती तारे ते लिहावे आणि वर्षाअखेरीस त्यातून काही नियम निघतो का ते पाहावे, असे मी ठरवले. वही घेऊन गेले. पहिल्याच चित्रपटाला विचारले, "आप्पा, पाचपैकी किती?"

"कुणाच्या घरी?"

"घरी नाही हो. एकूणच. चित्रपटाला किती?"

"एकूणच असं कुणी बसतं का बघायला?" ते म्हणाले. "तुझ्या आईला चार, शेजारच्या तात्याला दोन, तुला शून्य. तू मधीच उठून गेलीस." तक्ता पहिल्या ओळीवरच थांबला. ज्याचे माप घ्यायचे ते आणि ज्याने घ्यायचे तो यांना वेगळे काढता येत नाही, हे मी पुढे जाड पुस्तकांतून शिकले. तेव्हा मात्र मला तो त्यांचा आळस वाटला.

विज्ञानाकडे मी वळले त्यातही त्यांचा अप्रत्यक्ष हात आहे. आमच्या शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र थाळ्या उभ्या आहेत. मी चौथीत असताना तिथले एक साहेब हातात छोटा अँटेना धरून गल्लीगल्लीतून फिरत आले आणि आमच्या घरामागच्या खांबाखाली थांबले. खांबावरचा आप्पांचा जुना बूस्टर नको त्या लहरी सोडत होता आणि दुर्बिणीच्या निरीक्षणात खरखर येत होती. साहेबांनी आपल्या यंत्राच्या पडद्यावर ती खरखर आम्हाला दाखवली : सरळ रेषेत मध्येच उभा राहिलेला एक सुळका. आप्पा खांबावर चढले, बूस्टर बंद केला आणि सुळका नाहीसा झाला. मी तोंडाचा आ करून पाहत राहिले. आप्पा खाली उतरून म्हणाले, "म्हंजे माझा डबा आभाळाच्या आड येत व्हता म्हणा की साहेब!" त्या आठवड्यात त्यांनी साऱ्या लाइनीवरचे बूस्टर तपासले. तेव्हापासून ते मला 'सायन्सबाई' म्हणू लागले, आणि संध्याकाळी आमच्याकडे आले की माझ्याशी तासभर बोलत. सिग्नल म्हणजे काय, वायर लांबली की तो का मंदावतो, वायरीभोवतीची जाळी नीट जोडली नाही तर काय होते, हे मला भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या आधी त्यांनी सांगितले.

त्यांच्या पाठमोऱ्या बसण्यावर मात्र माझा आक्षेप होता, आणि तो मी एम.एस्सी.च्या पहिल्या सुट्टीत मांडला. "तुम्ही समोर बसून टक लावून बघता, म्हणून लोक हसतात. तुमच्या बघण्यानेच निकाल बदलतो." त्यांनी हे मुळीच मनाला लावून घेतले नाही. पुढच्या वेळी माझ्या सांगण्यावरून ते स्वयंपाकघराच्या दाराआड बसले. हसणे खरोखरच कमी झाले. "म्हंजे इतकी वर्षं लोक माझ्याच तोंडाला हसत व्हते!" ते म्हणाले. आई म्हणाली, "आता कळलं का?" त्यावर सर्वांत मोठ्याने हसले तेच. आणि पुढच्या रविवारी पुन्हा जुन्या जागी, पुन्हा उलट्या खुर्चीत.

आप्पांची मुलगी रूपाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिची आई, आमच्या काकू, वारल्या तेव्हा ती पाचवीत होती. त्यानंतर त्या घरात बाप आणि लेक दोघेच. शिकून ती मुंबईला गेली आणि मालिकांचे लेखन करू लागली. बहुधा दुसऱ्यांच्या नावाने, कधी नावाशिवाय. वर्षातून दोनदा येई. एरवी बापलेकींचा दुवा म्हणजे रविवार सकाळचा फोन. त्यात ती पटकथेतल्या अडचणी सांगे आणि आप्पा कुठल्या घरात कोण कशाला हसले ते सांगत. दुसरा विषय त्यांना सापडत नसावा. एका शुक्रवारी तिची पहिली स्वतःची विनोदी मालिका आली, सहा भागांची. आदल्या दिवशी फोनवर तिने बजावले, "आप्पा, इतरांची करता तशीच परीक्षा करा. लेकीची म्हणून सूट नको."

रविवारी दुपारी आमच्याकडे परीक्षा ठरली. आई होती, मी सुट्टीवर आलेली, आणि टोमॅटोची तोडणी आटपून आलेले शेजारचे तात्या. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खुर्ची उलटी फिरवली आणि म्हणाले, "हं, लाव."

पहिले तीन भाग उत्तम गेले. तात्या खोकला येईपर्यंत हसले. चौथ्या भागात एक नवे पात्र आले : एका लहान गावातला केबलवाला. दातांत स्क्रू धरून बोलणारा, शिडी खांद्यावर घेऊन घरोघर फिरणारा. तात्या फसकन हसले आणि लगेच त्यांनी समोर बसलेल्या आप्पांकडे पाहिले. पडद्यावरचा माणूस एका घरात चहा पितो, दुसऱ्या घरात पोहे खातो, तिसऱ्या घरातल्या मुलीला बॅटरी कशी चालते ते समजावतो. असा नऊ घरे फिरून आपल्या घरी येतो. ताट वाढून बसलेल्या लेकीला म्हणतो, "भूक न्हाई." आईने हातातला मटार पाटीत ठेवून दिला.

नंतरच्या प्रसंगात एकही संवाद नव्हता. लेक शिडी लावते, पत्र्यावर चढते आणि पकडीने स्वतःच्याच घराची केबलची वायर कापते. संध्याकाळी बाप येतो, डोके खाजवतो, पत्र्यावर चढून वायर जोडतो. ती खाली शिडी धरून उभी असते. तिचा चेहरा उजळलेला. मग दोघे जेवायला बसतात. दोन महिन्यांनी पुन्हा वायर तुटते. पुन्हा शिडी, पुन्हा जेवण. मागे एक मजेशीर चाल वाजत होती. ती ऐकणाऱ्याला वाटावे की पडद्यावर काहीतरी खूप गमतीचे चालले आहे.

आम्ही तिघेही हसलो नाही. तात्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. आप्पांचे डोळे आईवरून माझ्यावर, माझ्यावरून तात्यांवर फिरत होते. सहा भाग संपल्यावर त्यांनी हलकेच विचारले, "चौथ्याला काय झालं?"

"चहा टाकते," आई म्हणाली.

"तात्या?"

"आमाला कमी कळतं राव त्यातलं," तात्या म्हणाले आणि वासरू सोडायचे निमित्त काढून गेले.

आप्पांनी ओट्यावर जाऊन रूपाताईला फोन लावला. सूट नको म्हणाली होती, त्यांनी दिली नाही. "तीन भाग चोख. पाच-सहा बी बरे. चौथा फसला, बाळा. माणसं हसली न्हाईत. नुसती माझ्याकडं बघत व्हती." पलीकडून काही विचारले गेले. "म्हंजे काय? पाह्यला की. माणसं पाह्यली." मग त्यांनी फोन कानापासून दूर घेऊन पाहिला. तो बंद झाला होता.

पुढचे पाच दिवस तिने फोन उचलला नाही. आप्पा दिवसातून तीनदा लावत. आमच्याकडे येणे त्यांनी थांबवले नाही. पण बोलता बोलता खिशातला फोन काढून पाहत आणि परत ठेवत. "खरं बोललो ते चुकलं का, सायन्सबाई?" त्यांनी मला विचारले. त्यांच्याजवळ एकच माणूस उरले होते आणि ते त्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने तपासून दूर केले होते, हे मला दिसत होते. मला आणखीही एक गोष्ट दिसत होती आणि ती सांगायला जड जाते. पडद्यावरची ती तिसऱ्या घरातली मुलगी मी होते. ज्या संध्याकाळींनी मला घडवले, त्या दुसऱ्या एका मुलीच्या हिश्शातून वजा झालेल्या होत्या.

"तू सांग त्यांना," आई म्हणाली. "मला नाही जमायचं. मीच पोहे खाऊ घालायचे."

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि सरळ म्हणाले, "आप्पा, चौथा भाग पडद्याकडे तोंड करून बघा."

"विनोदी हाय ना पण?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खुर्ची पडद्याकडे तोंड करून ठेवली. मी दाराजवळ उभी राहिले. नऊ घरांच्या फेरीला ते एकदा हसले, "स्क्रू बरोबर धरलाय गड्यानं." 'भूक न्हाई'ला त्यांनी मांडीवरचा हात उचलून परत ठेवला. लेकीच्या हातात पकड दिसली तेव्हा ते पुढे वाकले. भाग संपला. त्यांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग टीव्ही बंद केला.

"आमची वायर सारखी तुटायची," ते म्हणाले. "तुझी काकू गेल्यावर तीन-चार वर्षं. साऱ्या गावात एवढी कुठं तुटत न्हवती. मी म्हणायचो, खारी कुरतडत्यात. आंब्यावर लई खारी व्हत्या."

त्यांनी हातातला रिमोट बाजूला ठेवला.

"खारीनं खाल्लेलं टोक दातरं असतंय गं. पकडीचं सरळ. माझ्या हातात यायचं दरवेळी. मी बघायचोच न्हाई. दोन इंच छाटायचो, टाकून द्यायचो, नवं जोडायचो." त्यांनी अंगठा आणि बोट यांमध्ये ते दोन इंच धरून दाखवले. "एकदा जरी नीट बघितलं असतं."

त्यांनी फोन लावला. तो वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. मी निघू लागले तर त्यांनी हातानेच थांबवले. तिसऱ्यांदा तिने उचलला. आप्पांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "रूपा, ती पकड निळ्या मुठीची व्हती. त्यांनी लाल दाखवलीया." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि पत्र्यावर तू अनवाणी चढायचीस का? पाय भाजला असता की." आता पलीकडून आवाज आला, शब्द मला कळले नाहीत, ती रडत होती की हसत होती तेही नाही. आप्पा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाई. फसला न्हाई. मी चुकीच्या बाजूला बसलो व्हतो."

त्या वर्षाच्या अखेरीस आप्पांनी लाइन एका नव्या माणसाकडे सोपवली आणि ते रूपाताईकडे राहायला गेले. मीही त्याच सुमारास संशोधनासाठी बाहेर पडले. आता माझे काम सिग्नलातली खरखर शोधण्याचे आहे. उपकरण बिघडले की सहकारी घाईने बिघडलेला भाग काढून नवा बसवतात. मी आधी जुना हातात घेऊन उलटसुलट पाहते आणि त्यांच्या थट्टेचा विषय होते. थट्टा मला चालते. आता आप्पांशी फोनवर बोलणे होते, पण पूर्वीसारखे लांबत नाही. रूपाताई कामावरून आली की ते आपणहून फोन ठेवतात, आणि मला त्याचे बरे वाटते.

पण त्यांचे चित्र म्हणून माझ्यासमोर येते ते त्या फोननंतरच्या दुसऱ्या रविवारचे. रूपाताई सुट्टी काढून आली होती. नारायणगावच्या स्टँडवर आप्पा तिला घ्यायला गेले होते. आईने मासवडी केली आणि रश्श्याचे पातेले माझ्या हाती दिले. दिवेलागणीला मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा दोघे पाटांवर समोरासमोर जेवायला बसले होते. रूपाताई मला म्हणाली, "ये गं, बस." मी पातेले ठेवतच होते, तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने स्पीकरचे बटण दाबले. तात्या होते.

"आप्पा, नेट गेलं राव. बायको मालिका बघत व्हती, घर डोक्यावर घेतलंय. या की पटकन. चहा बी टाकलाय."

"उद्या येतो, तात्या. जेवतोय."

"कुणाकडं हाय? तिथनंच या की मग."

"घरी हाय."

"अवो, पण कुणाच्या घरी?"

"माझ्या," आप्पा म्हणाले.

फोन तसाच चालू राहिला. रूपाताईने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली, आणि त्यांनी ती रश्श्यात कुस्करायला घेतली.